पिकअप नवी घ्यावी की जुनी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे पिकअप म्हणजे महिंद्राची बोलेरो पिकअप, मॅक्स पिकअप, टाटा योद्धा आणि त्यांच्या वर्गातल्या सव्वा ते दोन टन वाहणाऱ्या गाड्या. बाजार समितीच्या आवारात पहाटे ज्या रांगेने उभ्या असतात, त्या. छोटा हत्ती वेगळा आणि आयशरही वेगळी. त्यांचं गणित इथे लावू नका.

एका वाक्यात सांगा, नवी घेऊ की जुनी?

महिन्यातले किती दिवस गाडी भरून निघणार, ते आधी तुम्ही सांगा. बाकी सगळं त्यावर ठरतं.

वीस-बावीस दिवस भाडं पक्कं असेल, म्हणजे डेअरीची फेरी, कंपनीचा माल किंवा एखाद्या व्यापाऱ्याशी ठरलेलं काम, तर नवी घ्या. अशा कामात गाडी एक दिवस गॅरेजला लागली तर त्या दिवसाचं भाडं जातं, आणि दोन-तीनदा असं झालं की कामच दुसऱ्याच्या गाडीला जातं. स्वतःच्या शेताचा माल, खतं, चारा, हंगामात बाजाराच्या खेपा आणि एरवी गाडी गोठ्याशेजारी उभी, असं असेल तर जुनी घ्या, जमल्यास रोखीने. उभ्या गाडीलाही हप्ता, विमा आणि टायर सुटत नाहीत.

मधल्या लोकांची, म्हणजे महिन्याला दहा-पंधरा दिवस काम असणाऱ्यांची, पंचाईत असते. त्यांच्यासाठी शेवटचा प्रश्न आहे.

जुनीच घ्यायची तर किती जुनी?

लोकांना वाटतं दोन वर्षांची घ्यावी, कमी चाललेली. मोटारीच्या बाबतीत ते बरोबर आहे. पिकअपला मागणीच इतकी आहे की दोन वर्षांच्या गाडीला मालक नव्याच्या जवळपास किंमत सांगतो, आणि वरून जुन्या गाडीच्या कर्जाचं व्याज जास्त. दोन्ही बेरजा केल्या की फरक उरतोच किती?

त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. करासह ९ लाखांना असलेली गाडी त्या एका बदलाने साधारण ८ लाख ३० हजारांवर येते. पण त्याआधी गाडी घेतलेला मालक अजून आपलं जुनं बिल पुढे करून भाव सांगतो. ते बिल बघू नका. आज शोरूममध्ये तीच गाडी कितीला आहे, तिथून मोजायला सुरुवात करा.

माझ्या मते चार ते सहा वर्षांची गाडी बघावी. पहिल्या मालकाचं कर्ज बहुधा पाच वर्षांचं असतं. ते फिटलं की तो नवी घ्यायच्या विचारात असतो, गाडीवर फायनान्सचा शिक्का राहिलेला नसतो आणि किंमतही बऱ्यापैकी उतरलेली असते. आठ वर्षांच्या पुढे गेलात तर फिटनेस, म्हणजे आरटीओकडची गाडीची तपासणी (तिलाच पासिंग म्हणतात), लक्षात ठेवा: आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी पासिंग, नंतर दर वर्षी. दर वर्षीचं पासिंग म्हणजे नुसती फी नाही. रंग, रिफ्लेक्टर, ब्रेक, दिवे, एजंट आणि गाडी उभी राहिलेले दोन-तीन दिवस हे सगळं त्यात आलं. पंधरा वर्षांच्या गाडीकडे शेतातल्या शेतात वापरायलासुद्धा वळू नका.

हप्त्याचं गणित नेमकं कसं करायचं?

आकडे समजण्यापुरते धरू. नवी गाडी रस्त्यावर यायला १० लाख, २ लाख भरले, ८ लाखांचं कर्ज, साडेदहा टक्के व्याज, पाच वर्षं. हप्ता साधारण १७,२०० रुपये आणि पाच वर्षांत व्याजच सव्वादोन लाखांच्या वर. जुनी गाडी साडेपाच लाखांची, दीड लाख भरले, ४ लाखांचं कर्ज, पंधरा टक्के, तीन वर्षं. हप्ता जवळपास १३,९०० आणि व्याज लाखाच्या आतबाहेर.

म्हणजे हप्त्यात फरक महिन्याला सव्वातीन हजारांचा. जुनी गाडी घेऊन महिन्याला तेवढेच गॅरेजला गेले तर महिन्याच्या हिशेबात दोघं बरोबरीत. फक्त जुन्याचा हप्ता तीन वर्षांत संपतो आणि नव्याची आणखी दोन वर्षं राहतात. उलट पाच वर्षांनी विकायला काढलं, तर नव्या गाडीचे हातात जास्त येतात. हे दोन्ही वहीत मांडल्याशिवाय फायनान्सवाल्यासमोर बसू नका.

आणि तो ‘फक्त नऊ टक्के’ म्हणाला, तर विचारा: फ्लॅट का? फ्लॅट दरात व्याज पहिल्या दिवसाच्या पूर्ण रकमेवर शेवटपर्यंत लागतं, तुम्ही मुद्दल फेडत गेलात तरी. ४ लाखांवर नऊ टक्के फ्लॅट, तीन वर्षं म्हणजे १,०८,००० व्याज आणि १४,१११ चा हप्ता. बँकेच्या पद्धतीने मोजलं तर हा दर सोळा टक्क्यांच्या वर जातो. वरच्या पंधरा टक्क्यांच्या कर्जापेक्षा हे ‘नऊ टक्के’ महाग पडतात. जुन्या गाड्यांच्या बाजारात हा खेळ रोज चालतो, आणि लोक दर ऐकून खूश होतात, हप्त्याला महिने गुणून बघत नाहीत.

जुनी गाडी बघायला गेल्यावर आधी काय विचारू?

‘किती चालली?’ हे नंतर. आधी विचारा, गाडी काय वाहत होती.

दुधाची, बेकरीची, गॅस सिलिंडरची, किराणा एजन्सीची गाडी मिळाली तर उत्तम. माल ठरलेला, वजन ठरलेलं, रस्ता ठरलेला. भाजीपाल्याची गाडी मधली: हंगामात जाम पिटाळलेली, एरवी आरामात. वाळू, डबर, विटा वाहिलेली गाडी स्वस्त मिळते आणि ती स्वस्त का आहे ते सहा महिन्यांत कळतं. कोकणातून आलेली मासळीची गाडी असेल तर बर्फाचं खारट पाणी वर्षानुवर्षं हौद्यातून चॅसीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर, ठिबकलेलं असतं. वरून रंग चकाचक आणि खाली पत्रा पापडासारखा. हौद्यातली रबरी मॅट उचलायला लावा. मालक नको म्हणाला तर उत्तर मिळालंच.

डीजेची गाडी तर मी फुकट दिली तरी घेणार नाही. वायरिंग जागोजागी तोडून जोडलेलं, वर लोखंडी सांगाडा आणि तासन्‌तास जागेवर चालू ठेवलेलं इंजिन, जे मीटरवर एक किलोमीटरही दाखवत नाही.

मग गाडी तपासायची कशी?

सकाळी लवकर जा आणि आधीच सांगून ठेवा की गाडी चालू करून ठेवू नका. बॉनेटवर हात ठेवून बघा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी या. गरम इंजिन सगळेच आजार लपवतं. थंड गाडी एका सेल्फात उठली पाहिजे. पहिला थोडा धूर चालतो. निळसर धूर निघतच राहिला तर इंजिन ऑइल खातंय. गाडी चालू असताना ऑइल भरायचं झाकण सैल करा. ते थडथड उडायला लागलं, आतून भकाभक वाफ आली, तर मिस्त्री ज्याला ‘कॉम्प्रेशन फेकते’ म्हणतात ते हेच. इंजिन काम निघालं.

आता खाली वाका. अंगावरच्या कपड्यांची काळजी असेल तर सोबत मिस्त्री न्या, तसाही न्यावाच. मागचे पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंग) जिथे चॅसीला टांगलेले असतात, तिथे दोन्ही बाजूंनी टॉर्च मारा. चॅसी सगळी धुळकट आणि तेवढ्याच वीतभर जागेवर ताजा काळा रंग दिसला, तर नखाने खरवडा. खाली वेल्डिंगची रेघ लागली की गाडी सोडून द्या. भावाची घासाघीस करायची ही जागा नाही. मग पाटे मोजा. कंपनीने दिलेल्यापेक्षा एक-दोन पाटे जास्त घातलेले दिसले, तर आपण क्षमतेपेक्षा जास्त माल भरत होतो याची ती मालकाची लेखी कबुलीच समजा. जादा पाट्याने गाडी बसत नाही, पण चॅसी, हौसिंग, ब्रेक आणि बेअरिंग तेवढेच राहतात.

शेवटी चालवून बघा, पण रिकामी नाही. रिकामी पिकअप कुणाच्याही हातात छान पळते. खताची पोती, विटा, काय मिळेल ते टाका आणि चढावर न्या. तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचा आवाज चढतोय आणि गाडी तिथेच, तर क्लच प्लेट संपली. उतारावर ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल, तर हीच गाडी भरून माळशेज घाट उतरताना काय करेल याचा विचार करा.

मीटर मागे फिरवलंय हे कसं ओळखायचं?

चॅसी नंबरवरून कंपनीच्या वर्कशॉपमध्ये जुनी सर्व्हिस नोंद मिळते का बघा. मालकाला सोबत न्या, म्हणजे ते नाही म्हणत नाहीत. टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मीटरवर ४० हजार आणि मूळ टायर केव्हाच बदललेले, हे जुळत नाही. क्लचच्या पेडलवरचं रबर गुळगुळीत झालं असेल तर तेही बोलतं.

बीएस फोर घ्यावी की बीएस सिक्स?

बीएस म्हणजे गाडीच्या धुरासाठी सरकारने ठरवलेली मर्यादा. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बीएस सिक्सच विकल्या जातात. त्याआधीच्या, २०१७ ते मार्च २०२० मधल्या, बीएस फोर. गावाकडचा मिस्त्री बीएस फोरची शिफारस करतो, कारण ती त्याच्या हाताला बसलेली असते. बीएस सिक्समध्ये धुरासाठी जास्तीची यंत्रणा आणि सेन्सर आहेत. मीटरवर दिवा लागला की स्कॅनर लागतो, आणि तो प्रत्येक फाट्यावर नसतो.

तरीही आज घेत असाल तर मी बीएस सिक्सच सांगेन. बीएस फोर आता दरवर्षीच्या पासिंगच्या वयात येतायत, आणि चार वर्षांनी तुम्ही ती विकायला काढाल तेव्हा घेणारा शोधावा लागेल. जवळच्या तालुक्याच्या गावी स्कॅनरवाला कोण आहे, एवढं मात्र आधी बघून ठेवा.

फायनान्सने ओढलेली गाडी लिलावात स्वस्त मिळते. घेऊ का?

मिळते, पण बहुतेक वेळा चालवून बघायला मिळत नाही, ‘जशी आहे तशी’ घ्यावी लागते. ज्याला हप्ता भरता आला नाही त्याने सर्व्हिसिंग वेळेवर केलं असेल का, हा साधा प्रश्न. गाडी यार्डात पावसाळाभर उभी असेल तर बॅटरी आणि टायर धरूनच चाला. कर, विमा, फिटनेस संपलेले असतात, चलनं थकलेली असतात. हे सगळे आकडे काढून बोलीत धरता येत असतील आणि मिस्त्री घरचा असेल तर जा. पहिलीच गाडी घेत असाल तर नको.

कागदपत्रांत काय बघायचं?

आरसीवर फायनान्सचं नाव आहे का, हे पहिलं. असेल तर ‘कर्ज फिटलंय हो’ या शब्दावर एक रुपया देऊ नका. फायनान्स कंपनीचं ना-हरकत पत्र आणि आरसीवरून तिचं नाव काढायचा फॉर्म ३५ हातात पाहिजे. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०, गाडी दुसऱ्या आरटीओच्या हद्दीत न्यायची तर फॉर्म २८ ची एनओसी. परिवहन खात्याच्या ॲपवर गाडीचा नंबर टाकला की फिटनेस, विमा, कर कधीपर्यंत आहे ते दिसतं. ई-चलन वेगळं तपासा. पिकअपवर ओव्हरलोडचं एक चलनसुद्धा महाग असतं: मोटार वाहन कायद्यात २० हजार रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार.

कराचं नीट विचारा. महाराष्ट्रात साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाड्यांना २०२५ पासून किमतीच्या ७ टक्के एकरकमी कर आला. त्याआधीच्या गाडीचा कर वर्षाचा भरलाय की एकदाच, आणि कुठपर्यंत, हे पावतीवरच बघा. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर नवी सुरक्षा नंबर प्लेट बसवलेली हवी, नाहीतर आरटीओतलं काम अडतं.

आणि विकणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. गाडी दिली, पैसे घेतले, नाव मात्र तसंच, असं गावोगाव चालतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की आरसीवर ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची. गाडी तीन हात पुढे विकली गेली असली तरी. स्टॅम्प पेपरवरच्या करारनाम्याने ती टळत नाही.

जुन्या गाडीचा विमा स्वस्त पडतो ना?

अर्धाच. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग किमतीप्रमाणे उतरतो. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्या भरपाईचा, नाही. साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीला २०२२ च्या दरपत्रकात तो १६,०४९ रुपये होता, आणि गाडी कालची असो की दहा वर्षांची, आकडा तोच. शिवाय आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दलची सूट, तुम्हाला मिळत नाही. विमा नावावर करायला चौदा दिवसांच्या आत अर्ज द्या.

१.३ टनाची घेऊ की १.७ टनाची?

टोमॅटोचं उदाहरण घ्या. कॅरेटमध्ये २० किलो माल, रिकाम्या कॅरेटचे दोन किलो धरा. १.७ टनाला ७७ कॅरेट होतात, १.३ टनाला ५९. नारायणगावच्या आवारात याहून किती जास्त रचलेली असतात ते सगळ्यांनी पाहिलंय, ते सोडा. रोज ६० च्या आत माल असेल तर मोठी गाडी डिझेल आणि हप्ता दोन्ही वाया घालवते.

दुसरं, एकूण वजन ३,००० किलोंच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. त्यापुढच्या गाडीला लागतं. आरसीवर जी भारासहित वजनाची ओळ असते ती बघा, जाहिरातीतला टनाचा आकडा म्हणजे ते वजन नव्हे.

माझं दुकान आहे, जीएसटी नंबर आहे. काही फरक पडतो का?

पडतो, आणि मोठा. मालवाहू गाडीवर भरलेल्या जीएसटीची वजावट मिळते, मोटारीवर सहसा मिळत नाही. पाइप, रंग, हार्डवेअर, सिमेंटचा व्यापारी असाल तर नवी गाडी त्या अठरा टक्क्यांनी हलकी होते. मग जुनीचा फायदा जवळजवळ संपतोच, कारण शेजारच्या माणसाकडून जुनी घेतली तर वजावटीला काहीच नसतं. भाजीपाल्याच्या व्यापाऱ्याला मात्र हे लागू नाही. ताज्या भाजीवर करच नाही, तर वजावट कशातून करणार? एकदा आपल्या सीएला विचारून मगच शोरूमला जा.

लायसन्स वेगळं काढावं लागेल का?

नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की हलक्या मोटार वाहनाच्या लायसन्सवर साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते.

घरच्यांनाही फिरवता येईल आणि मालही नेता येईल, अशी इसुझू व्ही-क्रॉस किंवा हायलक्स कशी?

गाड्या छान आहेत, पांढऱ्या पाटीवर, म्हणजे खासगी म्हणून, घेता येतात. पण त्यांचा धंद्याशी संबंध नाही. हायलक्सच्या पैशात दोन-तीन बोलेरो पिकअप येतात. हौस असेल तर घ्या, ‘शेतीसाठी घेतली’ असं घरी सांगू नका.

सीएनजी किंवा इलेक्ट्रिक?

शहरातल्या शहरात, रात्री ठरलेल्या जागी उभी राहणारी गाडी असेल तर जरूर बघा. घाट, कच्चा रस्ता आणि लांबची बाजारपेठ असेल तर सध्या डिझेल. जुनी सीएनजी घेताना टाकीच्या तपासणीचं प्रमाणपत्र चालू आहे ना ते बघा.

यंदा भाव चांगला लागलाय. आत्ताच नवी घेऊन टाकू का?

जुलै २०२३ आठवा. नारायणगावला टोमॅटोचं कॅरेट दोन हजारांच्या वर गेलं होतं. त्या पैशातून कुणी रोखीने गाडी घेतली असेल तर त्याचं चांगलंच झालं. पण तसा भाव बघून डाउन पेमेंट भरणं आणि साठ हप्ते डोक्यावर घेणं वेगळं. एका हंगामाच्या भावावर पाच वर्षांचं कर्ज ठरवायचं नाही. घ्यायचीच असेल तर आलेल्या पैशात बसेल ती चांगली जुनी घ्या आणि उरलेले ठिबकला घाला.

महिन्याला दहा-पंधरा दिवसच काम आहे. मी काय करू?

आधी एक हंगाम भाड्याच्या गाडीवर काढा आणि प्रत्येक खेपेचं भाडं लिहून ठेवा. हंगामाच्या शेवटी बेरीज करा. दुसऱ्या बाजूला स्वतःच्या गाडीचा खर्च मांडा: हप्ता, विमा, वर्षाला एक टायरजोडी, सर्व्हिसिंग, डिझेल, आणि ड्रायव्हर ठेवणार असाल तर त्याचा पगार. स्वतः चालवणार असाल तर रात्री बाराला निघून पहाटे वाशीला माल उतरवून दुपारी घरी आल्यावर शेतात कोण असेल, तेही.

परतीचं भाडं मिळतं का, यावर पुष्कळदा निकाल लागतो. भाड्याच्या गाडीवाल्याला वाशीहून येताना किराणा, भंगार, फर्निचर काहीतरी मिळतं. त्याच्या ओळखी असतात, म्हणून तो जातानाचं भाडं कमी सांगू शकतो. तुमची गाडी पहिली दोन वर्षं तरी रिकामीच परत येईल, तेव्हा खर्चाच्या बाजूला डिझेल दोन्ही वाटांचं धरा.